रद्द कायद्याचे सुतक

"कायदा मरतो तेव्हा कुणी सुतक धरत नाही," दिनकरराव पारसनीस एकदा म्हणाले होते.

आम्ही फूलबागेच्या कुंपणाकडेने घरी निघालो होतो. थंडीचे दिवस होते आणि वर किल्ला काळा होत चालला होता. मला वाटले, ते गंमत करताहेत. पण चेहरा गमतीचा नव्हता. त्या दिवशीच्या राजपत्रात ग्वाल्हेर दरबारचे आणखी काही जुने कायदे रद्द झाल्याचे छापून आले होते, आणि तो मजकूर छापायला जाण्याआधी शेवटचा हात दिनकररावांचा लागला होता. माधवगंजात त्यांच्या घराशी पोचल्यावर ते आत शिरले नाहीत. चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि अंगणातल्या नळाखाली तसेच बसले. दूरचे कुणी गेले की नुसत्या आंघोळीने फिटते, तेवढे सुतक ते धरत असत. त्यांच्या पत्नी मंदाताई पंचा घेऊन दारात आल्या.

"आज कोण गेलं?" त्यांनी विचारले.

"सरकारी कुरणात गाढवं सोडू नयेत म्हणून एक कायदा होता. तो."

"बरा होता बिचारा. मागं कोण?"

"कुणी नाही," दिनकरराव नळाखालून म्हणाले.

हे त्यांचे नेहमीचे बोलणे होते. मंदाताईंना यात नवऱ्याची टिंगल करायची असे, आणि थंडीत नळाखाली बसलेल्या नवऱ्याची काळजीही करायची असे. त्या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात करत.

पारसनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले. फौजेला तलवारी लागत तशी फारसी पत्रे लिहिणारी माणसेही लागत. पुढे फारसी गेली, हिंदी आली, तरी या घरातल्या बोटांची शाई वाळली नाही. दिनकरराव दरबारच्या कायदा खात्यात कारकून म्हणून लागले. अठ्ठेचाळीस साली संस्थाने एकत्र होऊन मध्यभारत झाले, तेव्हा त्यांची खुर्ची तीच राहिली, तिच्याखालचे राज्य बदलले. उन्हाळ्यात कचेरी इंदूरला जायची, हिवाळ्यात ग्वाल्हेरला परतायची. कायद्यांची पुस्तके पेट्यांतून जात-येत. दिनकरराव म्हणत की या प्रवासात पुस्तकांतली कलमे दचकून जागी होतात.

नव्या राज्यात लहानमोठी वीसेक संस्थाने आली होती आणि प्रत्येकाने आपापले कायदे बरोबर आणले होते. नदीच्या अलीकडे जो गुन्हा, तो पलीकडे नव्हता. कोणता कायदा ठेवायचा, कोणता काढायचा, हे ठरवायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष तात्यासाहेब हे निवृत्त न्यायाधीश होते. तरुणपणी लंडनला राहून बॅरिस्टर होऊन आलेले. समितीत जबाब लिहून घेणे आणि रद्द करायच्या कायद्यांचा मसुदा करणे हे काम दिनकररावांकडे होते. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून इंग्रजीचा हिंदी तर्जुमा करत असे.

तात्यासाहेबांना समिती इंग्लंडच्या धर्तीवर चालवायची होती. चहा आला की ते सांगत. तिथे कायदा रागाने मोडत नाहीत आणि मायेने ठेवत नाहीत. चौतीस साली न्यायाधीश, वकील आणि प्राध्यापकांची एक समिती तिथे बसवली होती. तिच्याकडे नेमके प्रश्न सोपवायचे. जुना नियम कुठून आला, कुणाला जाचतो, कुणाला सांभाळतो, हे तिने तपासायचे आणि अहवाल लिहायचा. मग पार्लमेंटने वाटले तर कायदा बदलायचा, नाही तर अहवाल कपाटात धूळ खायचा. मेलेले कायदे पुस्तकांतून उपसून काढण्याचे काम तर तिथे शंभर वर्षे चालले होते. पण काढताना एक पथ्य पाळायचे. एखाद्या कायद्याखाली कुणाला हक्क मिळून गेला असेल, तर कायदा गेल्याने तो हक्क जात नाही. झाड तोडले तरी वेचलेली फळे वेचणाऱ्याचीच.

"आणि साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं," तात्यासाहेब दिनकररावांकडे बघून म्हणत. "त्याचं व्याकरण सुधारायचं नाही आणि त्याचं नशीबही सुधारायचं नाही."

दिनकररावांना हे फार आवडले होते. दरबारात असताना जबाब वरिष्ठांना रुचेल असा वळवून लिहायची रीत होती. आता प्रथमच त्यांच्या हाताला कुणी सांगत होते की तू फक्त ऐक.

एकदा तात्यासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात राजाकडून कुणाला काही येणे असले, तर राजावर सरळ दावा लावता येत नसे, कारण न्यायालय राजाचेच. आधी राजाकडे अर्ज करायचा. राजा त्यावर लिहायचा, न्याय होवो. मग खटला उभा राहायचा. तिथल्या लोकांनी या अर्जालाच हक्काचा अर्ज असे नाव दिले होते. शतकानुशतके हे चालले. आपण स्वतंत्र झालो त्याच साली त्यांनी कायदा सुधारला आणि अर्जाची अट काढून टाकली. आम्ही हसलो, चहा प्यालो, कामाला लागलो. ही गोष्ट पुन्हा कधी लागेल असे कुणाला वाटले नव्हते.

मग कंपूतल्या खोल्यांचा नियम समितीपुढे आला.

कंपू म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातली पलटणींची वस्ती. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या बायकोला तिथल्या लाइनीतली, म्हणजे शिपायांच्या खोल्यांच्या रांगेतली, एक खोली हयातभर राहायला द्यावी, असा दरबारचा जुना नियम होता. आता पलटणी भारत सरकारच्या फौजेत गेल्या होत्या. बहुतेक बायका गावी भावांकडे गेल्या, काही वारल्या. लाइन रिकामी करून तिथे नवी इमारत बांधायचे एका खात्याच्या मनात होते. लाइनीत एकच बाई उरली होती, विजयाबाई जगताप. नवरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला तो आला नाही. जंगलात नाहीसा झाला, मेला असे धरावे, एवढेच कळवले गेले होते. समितीने विजयाबाईंना जबाबासाठी बोलावले.

त्या आल्या तेव्हा पदर कपाळापर्यंत होता आणि खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. तात्यासाहेबांनी खूण केली. दिनकररावांनी नेमून दिलेला प्रश्न विचारला, "आपण त्या खोलीत कशाच्या आधारावर राहता?"

विजयाबाई म्हणाल्या, "सरकारची मेहेरबानी. दुसरं काय?"

दिनकररावांनी लिहिले. जसेच्या तसे. खाली विजयाबाईंनी अंगठा उमटवला, सर्वांना हात जोडले आणि आमच्याकडे पाठ होऊ न देता, मागे सरकत त्या बाहेर गेल्या. महाराजांपुढून लोक असेच जात.

आता हे ग्वाल्हेरच्या माणसाला समजावून सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगायला हवे. इथे दरबारात आपले स्वतःचे मागतानाही कुणी हक्क हा शब्द काढत नसे. तो उद्धटपणा होता. ज्याची जमीन त्याच्या आज्याच्या नावाने नोंदलेली, तोही विचारले तर म्हणायचा, हुजुरांची कृपा. मेहेरबानी म्हणजे आमच्याकडे नमस्कारासारखी गोष्ट. दिनकररावांना हे ठाऊक होते, मला होते, तात्यासाहेबांनाही होते. पण त्या दिवशी आम्ही तिघेही लंडनमध्ये बसलो होतो.

जबाब वर गेला. वरून शेरा आला: बाईंच्या स्वतःच्या सांगण्यावरून ही सवलत कृपेची दिसते, हक्काची नाही. रद्द होणाऱ्या कायद्याखालचे हक्क वाचतात, कृपा वाचत नाही. नियम कोणतीही सूट न ठेवता काढावा. दिनकररावांनी मसुदा केला. राजपत्र आले. ते घरी जाऊन नळाखाली बसले.

"आज कोण गेलं?" मंदाताईंनी विचारले.

"कंपूतल्या खोल्यांचा नियम."

"मागं कोण?"

 पाणी डोक्यावरून पडत राहिले. मंदाताईंनी पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "एक बाई आहे."

मंदाताईंनी पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला आणि नळ बंद केला. त्यानंतर त्यांनी हा खेळ कधी खेळला नाही.

खोली सोडण्याची नोटीस निघाली, आणि एका सकाळी विजयाबाई माधवगंजात पत्ता विचारत आल्या. रागावून आल्या नव्हत्या. नोटीस वाचून घ्यायची होती, आणि कचेरीत ज्यांनी जबाब लिहून घेतला तेच ओळखीचे वाटले. दिनकररावांनी नोटीस वाचली. वाचताना आवाज अडखळला नाही, असे मंदाताई सांगत. विजयाबाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि मग विचारले,

"माझ्याकडून काही गलती झाली का, भाऊसाहेब?"

त्यांनी हे अगदी सरळ विचारले. आपल्या बोलण्यात काही कमी आदर राहिला असेल, म्हणून सरकार नाराज झाले असेल, असे त्यांना वाटत होते. दिनकररावांनी मान हलवली. नाही म्हणाले की हो, हे विजयाबाईंना कळले नसावे. त्या चहा न घेता गेल्या.

तेव्हापासून दिनकररावांना तो प्रश्न ऐकू यायला लागला. रात्री नव्हे. रात्री माणूस अशा गोष्टींना तयार असतो. त्यांना तो भर दुपारी ऐकू येई, बाड्यावरच्या बाजारात भाजी घेताना, कचेरीच्या लांब ओसरीवरून चालताना. ते मला सांगत की ओसरीच्या दोन्ही बाजूंना रद्द झालेले कायदे उभे असतात. गाढवांचा कायदा, वेठीचा कायदा, हत्तीपुढून घोडा कसा न्यावा याचा कायदा. तोंडे नसलेले, जुन्या अंगरख्यांतले. ते काही म्हणत नाहीत, बाजूला सरकून वाट देतात. आणि त्यांच्या शेवटी पदर कपाळापर्यंत घेतलेली एक बाई असते, ती मात्र बोलते. मी म्हटले, तुम्ही थोडे दिवस रजा घ्या. ते म्हणाले, रजेवर गेलेल्या माणसाच्या मागे कचेरी घरी येते.

एका कलमाची फोड करता करता त्यांनी टाक खाली ठेवला आणि मला म्हणाले, "मी तिचं नशीब सुधारलं नाही. बिघडवलं. तेही जसंच्या तसं लिहून."

शेवटी ते तात्यासाहेबांकडे गेले. काय बोलायचे ते ठरवून गेले होते, पण तिथे सगळे विसरले आणि एवढेच म्हणू शकले की, साहेब, ते राजाला अर्ज करण्याचं आपण सांगितलं होतं.  तात्यासाहेब कठोर काळजाचे नव्हते, पण न्यायाधीश होते. म्हणाले, हो, तिथेही हक्क विनंतीच्या सुरात मागत, आणि तरी तो हक्कच असे. पण तिथे निदान त्या अर्जाचे नाव हक्काचा अर्ज होते. इथे कागदावर काय आहे? मेहेरबानी. आपण दोघांनी मिळून त्या शब्दाचा अर्थ हक्क असा ठरवला, तर उद्या कुणीही कोणत्याही शब्दाचा काहीही अर्थ ठरवील. मात्र रद्द कायद्यांखाली कुणाचे हक्क शिल्लक आहेत हे सांगण्याचे काम अजून समितीकडे आहे. बाईंना पुन्हा बोलवा. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे की खोली कशाबद्दल मिळाली. मी सही करीन.

"पण त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, दिनकरराव," ते म्हणाले. "तुमच्या नाही."

दिनकरराव दुसऱ्याच दिवशी कंपूत गेले, मला सोबत घेऊन. लाइनीतल्या बाकीच्या खोल्यांची कौले उतरवून नेली होती. उघड्या भिंतींच्या रांगेत एकच दार शाबूत होते आणि त्याच्यापुढे सडा टाकलेला होता. विजयाबाईंनी आम्हाला घोंगडीवर बसवले. दिनकररावांनी समजावले. कचेरीत विचारतील तेव्हा सांगायचं, हा माझा हक्क आहे. बस, एवढंच.

विजयाबाई पदराआड हसल्या. "माझी सासू असती तर असलं बोलणं ऐकून तिनं मला घराबाहेर उभं केलं असतं."

"इथं सासू नाही. म्हणून बघा एकदा."

"बिलकुल नाही जमायचं. सरकारच्या तोंडावर हक्क म्हणायचं म्हणजे भांडायला आले असं होतं." मग त्यांनी मान जराशी वर केली. "तुम्ही म्हणता का, भाऊसाहेब? कधी म्हणालात?"

दिनकरराव आठवू लागले. बढतीचा अर्ज, वडिलांच्या आजारपणातल्या रजेचा अर्ज, मध्यभारत झाल्यावर नोकरी पुढे चालू ठेवण्याचा अर्ज. सगळे कृपेने सुरू होऊन कृपेने संपत होते. 

जाताना मीच विचारले की भाऊ बोलावत असताना त्या गावी का जात नाहीत. विजयाबाईंनी उंबऱ्याकडे बघून सांगितले, "ह्यांना हाच पत्ता ठाऊक आहे."

 वाटेत माझ्या मनात आले की आता ओसरीवरच्या त्या रांगेत एक शिपाईही उभा राहिला असेल.

समितीची शेवटची बैठक छप्पन सालच्या ऑक्टोबरात झाली. महिन्याभरात मध्यभारतही उरणार नव्हते. नवा मध्यप्रदेश होणार होता आणि कचेरी भोपाळला जाणार होती, या वेळी परत न येण्यासाठी. भिंतींना पेट्या लागल्या होत्या, कपाटांची दारे उघडी होती, आणि बोलले की खोलीत आवाज घुमत होता. त्या बैठकीच्या कागदावर जबाबाची तीनच वाक्ये आहेत, आणि खाली तात्यासाहेबांची सही आहे. नोटीस मागे घेतली गेली आणि विजयाबाई मरेपर्यंत कंपूतल्या त्याच खोलीत राहिल्या. नव्या इमारतीची भिंत त्या खोलीला वळसा घालून बांधली गेली. दिनकरराव मात्र भोपाळला गेले नाहीत. हे आधीच सांगतो, कारण त्यानंतर काय झाले यापेक्षा त्या वेळी काय झाले ते मला जास्त दिसते.

विजयाबाई आल्या, पूर्वीसारख्याच उभ्या राहिल्या. दिनकररावांनी प्रश्न विचारला. तात्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.  बाहेर हमाल पेट्या ओढत होते, तेवढा आवाज येत होता.

"माझा माणूस सरकारच्या कामी गेला," विजयाबाई म्हणाल्या. "त्याच्या बदल्यात ती खोली मला दिली. तसं तेव्हा बोलूनच दिली." त्या थांबल्या. दिनकररावांचा टाक भराभर चालत होता. मग दम घेऊन विजयाबाईंनी हात जोडले. "आता राहू दिलंत तर आपली मेहेरबानी."

टाक थांबला होता. कधी थांबला ते मी पाहिले नाही.

"वाचा," तात्यासाहेब डोळे न उघडता म्हणाले.

दिनकररावांनी वाचले, "माझा माणूस सरकारच्या कामी गेला. त्याच्या बदल्यात ती खोली मला दिली. तसं तेव्हा बोलूनच दिली." आणि कागद तात्यासाहेबांपुढे सरकवला.

तात्यासाहेबांनी डोळे उघडले. कागदाकडे पाहिले, मग दिनकररावांकडे. इतकी वर्षे त्यांच्या हाताखाली काम करून या माणसाने साक्षीदाराचा एक शब्द गाळला नव्हता. मला वाटते, तात्यासाहेबांनी पेन उचलले होते.

तेवढ्यात विजयाबाईच पुढे झाल्या. त्यांना काळजी वाटली असावी. पहिल्या वेळी आपल्या बोलण्यात आदर कमी पडला होता, तो या वेळी तरी पडू नये.

"साहेब, शेवटचं राहिलं," त्या म्हणाल्या. "मेहेरबानीचं."

 तात्यासाहेबांचे पेन सहीच्या जागेपासून बोटभर वर थांबले होते.

"दिनकरराव," ते म्हणाले, "बाई म्हणताहेत, त्यांचं काही लिहायचं राहिलंय."

दिनकररावांनी टाक पुसला. दौतीचे झाकण लावले, टाक दौतीशेजारी सरळ ठेवला. खुंटीवरची टोपी घेतली, विजयाबाईंना वाकून नमस्कार केला, आणि पेट्यांच्या मधून वाट काढत, सगळ्यांकडे पाठ करून, ते बाहेर निघून गेले.